बैठकीतला लंडनचा ठराव

विलास गजभिये यांना बायकोनं एकच अट घातली होती. पाहुणे घराबाहेर पडेपर्यंत फुटबॉलचं नाव काढायचं नाही.

"एक शब्दही नाही," नीलिमा म्हणाली. तिचे हात सांबारवडीच्या सारणात होते आणि टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या त्या स्वयंपाकघरात कोथिंबिरीचा वास भरून राहिला होता. "आज आपल्या पोरीची बैठक आहे. माणसं लंडनहून येऊन राहिली. तुमच्या बफेलोचं त्यांना काय करायचं?"

"मी कशाला बोलतो जी? मी तर मोजेसुद्धा बदलले."

हे खरं होतं. बफेलोच्या अमेरिकी फुटबॉल संघाचे निळे मोजे काढून त्यांनी करडे मोजे घातले होते. त्याच संघाची जर्सी मात्र पांढऱ्या शर्टाच्या आत होती, आणि ती नीलिमाला दिसत होती. नागपूरहून कॅनडात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका सहकाऱ्यानं विलासना सरहद्दीपलीकडे बफेलोला सामना पाहायला नेलं होतं. तिथे भर बर्फात, उघड्या स्टेडियममध्ये, त्यांच्या नाकाचा शेंडा बधिर झाला आणि बाकी सगळा माणूस पेटला. तो अजून विझला नव्हता.

पण नीलिमाला खरी काळजी होती ती फुटबॉलची नव्हे. मृणाल तिची एकुलती एक मुलगी, दातांची डॉक्टर. कपिल रामटेके लंडनमध्ये वाढलेला, सॉफ्टवेअरमधला. दोघांची ओळख नागपुरात मृणालच्या एका चुलतबहिणीच्या लग्नात झाली, मग फोन, मग विमानाची तिकिटं, आणि आता दोन्ही घरांची बैठक. मुलगा चांगला, माणसं चांगली, हरकत घ्यायला जागा नाही. फक्त एक गोष्ट ठरायची होती: लग्नानंतर राहायचं कुठे? मृणालला विचारलं की ती म्हणायची, "आई, वी विल टॉक ऑन संडे."

नीलिमा सगळ्यांना सांगत होती, "मुलं सुखात असली म्हणजे झालं. लंडन काय, मिसिसागा काय." भावाला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. सगळ्यांना पटलं. तिला स्वतःला तेवढं पटायचं राहिलं होतं. 'लंडन' हा शब्द उच्चारला जाईल तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, याची तिनं आरशासमोर तालीम केली होती. ओठ थोडे रुंद, मान किंचित कलती. बरा दिसत होता.

पाहुण्यांना घेऊन आला तो नीलिमाचा धाकटा भाऊ उन्मेष. ते उतरलेही त्याच्याकडेच होते, जवळच ओकव्हिलला. आंबेडकर असोसिएशनचं सचिवपद त्यानं इतकी वर्षं सांभाळलं होतं की चमचा आणि ग्लास समोर आला की त्याच्याकडून सभा सुरू होई. भाचीच्या वाढदिवसाचा केक कापायलाही त्याला सूचक आणि अनुमोदक लागे. आजच्या बैठकीचा अध्यक्ष अर्थात तोच होता. तशी सूचना त्यानंच मांडली होती.

"जय भीम, जय भीम! या, आत या. थंडी वाजून राहिली असेल."

"जय भीम, विलासभाऊ. लंडनपेक्षा बरं आहे हो, इथे निदान ऊन तरी आहे," मुलाचे वडील हर्षवर्धन रामटेके म्हणाले आणि बूट काढायला वाकले. त्यांनी एक बूट काढला. मग दुसरा काढायच्या आधी थोडे घुटमळले.

विलासची नजर त्यांच्या पायाकडे गेली आणि तिथेच राहिली. मोजे काळे होते. त्यांच्यावर छोटे छोटे तपकिरी चेंडू विणलेले होते, दोन्ही टोकांना निमुळते, मधोमध पांढरी शिवण.

विलासनी तोंड उघडलं. नीलिमानं त्यांच्याकडे पाहिलं. विलासनी तोंड मिटलं.

"छान मोजे आहेत," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला.

तिकडे हर्षवर्धनांची बायको दीपाताई नवऱ्याच्या पायांकडे अशा बघत होत्या, की जमलं असतं तर ते पाय घरी ठेवूनच त्यांनी नवऱ्याला आणलं असतं.

दिवाणखान्यात सगळे बसले. उन्मेषनं ग्लासवर चमचा वाजवला आणि अध्यक्षीय आवाज लावला. "विषय पहिला, परिचय. विषय दुसरा, वधूवरांचे वास्तव्य. विषय तिसरा, साक्षगंधाची तारीख. त्यानंतर भोजन. कोणाची हरकत?"

कोणाची नव्हती. हर्षवर्धन उभे राहिले. "मूळ गाव पवनी. शिक्षण नागपूर. नोकरी लंडनच्या रेल्वेत, सिग्नलची. छंद..." ते थांबले. दीपाताईंनी खाकरून घसा साफ केला. "छंद, वाचन."

"माझाही वाचनच," विलास घाईनं म्हणाले.

"तुम्ही काय वाचता जी?"

"जे येईल ते. तुम्ही?"

"मीही."

दीपाताईंचा परिचय मात्र भरघोस झाला. त्या लंडनमधल्या एका शाळेत गणित शिकवत होत्या आणि बोलण्यात मोकळ्या होत्या. पर्समधून त्यांनी कापडाचे चार तुकडे काढले आणि मृणालच्या मांडीवर पसरले. "वरची खोली रंगवून घेतली, बेटा. लिंबाचा रंग दिला. पडदे तू सांग. हा की हा?"

मृणालनं कपिलकडे पाहिलं. कपिलनं छताकडे पाहिलं. "दे आर ऑल सो प्रिटी, आँटी," मृणाल म्हणाली.

नीलिमानं ओठ रुंद केले आणि मान कलती केली. "हा पिवळा चांगला दिसेल," ती म्हणाली. त्या क्षणी तिला त्या पिवळ्या तुकड्याइतका तिटकारा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कापडाचा नव्हता.

विषय दुसरा निघायच्या आत हर्षवर्धनांनी वॉशरूम कुठे आहे ते विचारलं. "खाली, बेसमेंटमध्ये," विलास तत्परतेनं म्हणाले. वॉशरूम वरही होतं, दिवाणखान्याला लागूनच, आणि त्याचं दार उघडं होतं. दोन मिनिटांनी विलास म्हणाले, त्यांना लाइट लावता येतो की नाही बघून येतो, आणि तेही खाली गेले.

कोणी परत आलं नाही. उन्मेष घड्याळाकडे पाहू लागला. "गणपूर्ती नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात बेसमेंटमधून आरोळी आली. दोन पुरुषांची, एकाच वेळी, लग्नात फटाक्यांची माळ फुटावी तशी.

नीलिमा जिना उतरून गेली तेव्हा टीव्ही लावलेला होता, आवाज बंद होता, आणि तिचा नवरा व होऊ घातलेले व्याही एकमेकांच्या गळ्यात पडून जागच्या जागी उड्या मारत होते. विलासच्या शर्टाची वरची बटणं सुटली होती आणि आतून बफेलो डोकावत होतं.

"नीलिमा, अगं अमेरिकेच्या लीगचा आजचा सामना लंडनलाच चालू आहे!" विलासचे डोळे पाणावले होते. "यांच्याकडे त्याचं तिकीट होतं. दरवर्षी जातात. आणि आपल्या बैठकीसाठी शेजाऱ्याला देऊन आले. तिकीट देऊन आले, नीलिमा! यापेक्षा माणसानं माणसासाठी काय करावं?"

"वहिनी, मी काही बोललो नाही," हर्षवर्धन म्हणाले. "दीपानं शपथ घातली होती. मोजेच तेवढे बॅगेत दुसरे नव्हते."

"मीही ह्यांना हेच बजावलं होतं," मागून आलेल्या दीपाताई म्हणाल्या. दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही हसू फुटलं, इतकं की नीलिमाला जिन्याच्या कठड्याला धरावं लागलं. सगळी मिरवणूक हसत वर आली. नीलिमाला वाटलं, झालं, सोयरीक जमली, उगीच घाबरलो आपण.

हे सुख सोफ्यापर्यंत टिकलं.

"आता थोडीच वर्षं," हर्षवर्धन बसता बसता म्हणाले. "एकदा लंडनला स्वतःचा संघ मिळाला, की दुसऱ्यांचे सामने पाहत बसायला नको."

विलासचा हात बटणावर होता, तो थांबला. "लंडनला? संघ? काहून?"

"काहून म्हणजे? स्टेडियम भरतं आमचं. लीगमधल्या बत्तीसही संघांच्या जर्स्या घालून लोक येतात."

"तेच तर! बत्तीस संघांच्या जर्स्या म्हणजे कोणाच्याच नाही. हे तर लग्नात जेवायला आलेलं गाव झालं. घरचं कोण त्यात?"

"घर दिलं तर घरचे होऊ ना जी!"

"आम्ही पाहिलं हो ते. पंधरा वर्षांपूर्वी बफेलो टोरांटोला येऊन खेळत होतं. म्हणे घरचा सामना. वर छत, आत हीटर, बर्फाचा कण नाही. माझ्या बाजूचा माणूस समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवून राहिला होता. मी म्हटलं, भाऊ, तू कोणाकडून? तो म्हणे, माहीत नाही, तिकीट साल्यानं दिलं. सरोवर ओलांडलं तर ही गत, समुद्र ओलांडल्यावर काय होईल?"

"टोरांटोचं पाप लंडनच्या माथी कशाला?"

"आणि कॅलिफोर्नियाचा संघ यायचा म्हटला तर आठ तासांचा फरक. पोरं झोपेत खेळतील, बापा!"

"त्याला वेळापत्रक लागतं," हर्षवर्धनांमधला रेल्वेवाला जागा झाला. त्यांनी टीपॉयवरचे कप सरकवायला सुरुवात केली. "हे बघा. घरचे चार सामने सलग लंडनला. मग चार सलग तिकडे, अमेरिकेत एक तळ ठेवायचा. मग पुन्हा लंडन. मध्ये सुटीचा आठवडा."

"दोन तळ? मग खेळाडूची बायको कुठे राहणार? तिची नोकरी कुठे? पोरं कोणत्या शाळेत?"

हा प्रश्न विलासनी कपांकडे बोट दाखवून विचारला होता. पण तो खोलीच्या मधोमध पडला आणि पडूनच राहिला. सगळ्यांनी आधी कपांकडे पाहिलं, मग मृणालकडे, मग कपिलकडे. मृणालनं पडद्याच्या कापडाची घडी घातली.

टिंग, टिंग, टिंग. उन्मेषनं चमचा वाजवला. "ज्या विषयावर दोन मतं आहेत, त्यावर ठराव येईल. असं दंग्यानं काम चालत नाही."

"हा विषय तर ठरलेल्या विषयांत नव्हता," दीपाताई म्हणाल्या.

"अध्यक्षांच्या परवानगीने, ऐनवेळचे विषय," उन्मेष म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की याच एका वाक्यासाठी तो सकाळी उठला असावा. "ठराव असा. या बैठकीचे असे मत आहे की लीगने लंडनला संघ द्यावा. सूचक?"

"हर्षवर्धन रामटेके!"

"अनुमोदक?"

"करते मी," दीपाताई म्हणाल्या. "घरी तरी शांतता लाभेल."

"अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हर्षवर्धनांचा हात आधीच वर होता. दीपाताईंचा गेला. आणि मग मृणालचा.

"मृणाल!" विलास कळवळले. "तू बफेलोला जाताना माझ्या मांडीवर बसून गेलीस गं!"

"बाबा, कार सीटमध्ये. आणि इट्स जस्ट फन! लंडन वुड बी सो कूल."

नीलिमाला मुलीचा तो वर गेलेला हात तेवढा दिसत होता. लंडनच्या बाजूनं. सरळ, आनंदानं, कोपरात न वाकता. म्हणजे ठरलंच होतं तर. तिनं चेहरा तालमीतल्यासारखा लावायचा प्रयत्न केला, पण ओठ आपल्या जागेवर जाईनात.

"प्रतिकूल?"

विलासनी दोन्ही हात वर केले. "एकच, भाऊजी," उन्मेष म्हणाला. आणि मग, अगदी हळू, कपिलचा हात वर गेला.

"कपिल?" हर्षवर्धन सोफ्यावरून अर्धे उठले. "तू? तुला लहानपणापासून नेतोय मी!"

"सॉरी, बाबा."

"कारण तरी सांग!"

"नंतर सांगतो," कपिल म्हणाला आणि कानांपर्यंत लाल झाला.

"ताई, तुझं मत राहिलं," उन्मेष म्हणाला.

नीलिमाला या खेळातलं एवढंच माहीत होतं की त्यात माणसं सारखी पडतात आणि नवरा सारखा उठतो. पण तिचा हात विचारायला थांबला नाही. प्रतिकूल म्हणून तो असा उसळला की शेजारचा दिवा हलला. "नको," ती म्हणाली. "एवढ्या लांब नको."

"तीन विरुद्ध तीन," उन्मेष उभा राहिला. "समान मतं पडली की अध्यक्षांनी आहे तीच स्थिती कायम ठेवायची असते. ठराव फेटाळण्यात येत आहे."

विलासनी सोफ्याची उशी वर फेकली. हर्षवर्धनांनी कप पुन्हा आपापल्या बशांवर ठेवले, एखादा रेल्वेमार्ग बंद करावा तसे.

"विषय दुसरा," उन्मेष म्हणाला. "वास्तव्य."

खाली बेसमेंटमध्ये बिनआवाजाचा सामना चालू होता. नीलिमानं साडीचा पदर बोटाला गुंडाळला.

कपिल उभा राहिला. "आई, बाबा, मी... आय टुक द टोरांटो जॉब. कंपनीचंच ऑफिस आहे इकडे. मृणालचं लायसन्स इथलं आहे ना, तिकडे तिला सगळ्या एक्झाम परत द्याव्या लागतील. सो मी येतो. जेवण झाल्यावर सांगणार होतो." तो हर्षवर्धनांकडे वळला. "म्हणून मी अगेन्स्ट व्होट केलं. लंडनला टीम आली आणि मी इथे बसलो तर मला फार जळजळ होईल."

"ही वॉज सो स्केअर्ड टू टेल यू, आँटी," मृणाल दीपाताईंना म्हणाली.

नीलिमाला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि तिला वाटलं, आता आपण उठून त्या कपांच्या मधून नाचणार. पोरगी इथेच राहणार! गाडीनं जाता येईल! रविवारी डबा नेता येईल! विलासनी तिचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तिनं हसतच दीपाताईंकडे पाहिलं.

दीपाताई हसत होत्या. ओठ थोडे रुंद, मान किंचित कलती.

"छान झालं," दीपाताई म्हणाल्या. "मुलं सुखात असली म्हणजे झालं. लंडन काय, टोरांटो काय." त्यांनी मृणालच्या मांडीवरचे कापडाचे तुकडे उचलले, एकावर एक ठेवले, पुन्हा सुटे केले, आणि पुन्हा एकावर एक ठेवले.

तो चेहरा नीलिमाच्या फार ओळखीचा होता. किती दिवस ती तो आरशात घासून घासून चकचकीत करत होती. आता तो समोरच्या सोफ्यावर बसला होता, आणि तो बरा दिसतो हे तिचं मत साफ चुकलं होतं.

"उन्मेष," ती म्हणाली, "मला माझं मत बदलायचं आहे."

"कशावरचं?"

"फुटबॉलवरचं."

"ताई, ते होत नाही. फेटाळलेला ठराव त्याच बैठकीत पुन्हा येत नाही."

"मग बैठक संपव."

"तारीख ठरायची आहे अजून!"

"मग तहकूब कर. काय ते तुझं. जेवायला चला सगळे." ती स्वयंपाकघरात गेली, सांबारवड्यांची परात घेऊन आली आणि ती टेबलावर ठेवली. "ही झाली सुटी. घ्या एकेक. घेतली? आता दुसरी बैठक सुरू. मी ठराव मांडते, लीगने लंडनला संघ द्यावा."

"नीलिमा!" विलासचा घास हातातच राहिला. "माझ्या घरात? माझ्या बायकोनं?"

"मुलगा आपण घेऊन बसलो जी त्यांचा," नीलिमा म्हणाली. "संघ तरी त्यांना द्या."

मग हर्षवर्धनांच्या पोटातून हसू निघालं, ते खांद्यांपर्यंत आलं, आणि वडीचा चुरा पांढऱ्या टेबलक्लॉथवर उडाला. विलासनी नवीन व्याह्यांकडे पाहिलं, त्यांच्या मोज्यांकडे पाहिलं, स्वतःच्या शर्टातल्या बफेलोकडे पाहिलं. आत फार मोठी घासाघीस चालली असावी.

"अनुमोदन देतो," ते शेवटी म्हणाले. "पण एक दुरुस्ती. लंडनचा संघ दरवर्षी एक सामना बफेलोला येऊन खेळेल. आणि त्या आठवड्यात व्याही-विहीण आमच्याकडे उतरतील. हॉटेल चालणार नाही."

"मग दुरुस्तीला दुरुस्ती," हर्षवर्धन ओरडले. "बफेलो एक सामना लंडनला खेळेल. तुम्ही दोघं वरच्या खोलीत राहाल. लिंबाच्या!"

"आम्ही हरवू तुम्हाला तिथे."

"तिकिटं मी काढतो, मग बघू कोण हरतं!"

"प्लीज नोट," मृणाल कपिलच्या कानात म्हणाली, "आपल्या लग्नाची डेट अजून कोणी विचारली नाहीये."

"मत!" उन्मेषनं ग्लास शोधला, तो सापडला नाही, म्हणून परातीवर चमचा वाजवला. "दुरुस्त्यांसह ठराव. अनुकूल?"

हात वर गेले. विलासचे दोन, आणि या वेळी उन्मेष काही म्हणाला नाही. हर्षवर्धन, मृणाल, कपिल, नीलिमा. राहिल्या दीपाताई. त्या कापडाचे तुकडे पर्समध्ये ठेवत होत्या. त्यातला पिवळा त्यांनी बाहेर काढला आणि नीलिमाच्या ताटाशेजारी ठेवला.

"हाच लावते मग," त्या म्हणाल्या. "तुम्हीच निवडला होता ना?"

नीलिमानं तो तुकडा उचलून उजेडात धरला. "हाच," ती म्हणाली.

मग दीपाताईंनी हात वर केला. त्या हातात अर्धी सांबारवडी होती. उन्मेषनं ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं.